धर्मग्रंथांच्या कपाटात वर कोण, खाली कोण?

पत्र :

सादर नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. गावातल्या एका निवृत्त प्राध्यापकांचं निधन झालं आणि त्यांच्या मुलीने वडिलांचा सगळा संग्रह आम्हाला दिला. सरांनी आयुष्यभर वेगवेगळ्या धर्मांचा अभ्यास केला होता. त्यामुळे संग्रहात लाल कापडात बांधलेली ज्ञानेश्वरी आहे, गुरुचरित्राची पोथी आहे, अरबी कुराण आणि वेगळा मराठी अनुवाद, पेन्सिलीने जागोजाग खुणा केलेलं बायबल, षट्खंडागमाचे खंड, 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म', मनुस्मृती, आणि गुरुमुखीत एकाच जाड खंडातला संपूर्ण गुरू ग्रंथ साहिबही आहे. कार्यकारी मंडळाने ठरवलं की 'सर्वधर्म ग्रंथ' असं एक काचेचं कपाट करायचं, आणि तिथून वाद सुरू झाले. वरच्या कप्प्यात काय ठेवायचं? आतल्या पानांवर नेहमीसारखा शिक्का मारायचा का? एक ज्येष्ठ सभासद म्हणतात, गुरुचरित्र बायकांना घरी देऊ नका आणि झाडपूस करणाऱ्या मदतनीस बाईंनाही त्याला हात लावू देऊ नका. दुसरे म्हणतात, मनुस्मृती त्या कपाटात दिसली तर मी राजीनामा देईन. अध्यक्ष म्हणतात, पुस्तक ते पुस्तक, सगळ्यांना एकच नियम. फाटक्या प्रतींचं काय करायचं तेही कळत नाही. मी मधल्या मधे सापडले आहे. काय करू?

– एक ग्रंथपाल

उत्तर :

ताई,

एक काम आजच करा. गुरू ग्रंथ साहिबची ती प्रत कपाटातून बाहेर काढा. बाकीचे वाद महिनाभर चालले तरी काही बिघडत नाही, हे मात्र लांबवू नका. त्या प्रतीवर अजून शिक्का उमटला नसेल आणि पाठीवर नंबराची चिठ्ठी डकवली गेली नसेल, अशी मला आशा आहे.

तुम्ही नांदेडच्या शेजारच्या. १७०८ साली तिथेच गुरू गोबिंदसिंगांनी सांगितलं की यापुढे देहधारी गुरू नाही, ग्रंथ हाच गुरू. शीख माणूस ते अक्षरशः पाळतो. गुरुद्वाऱ्यात पहाटे ग्रंथ आणून उघडतात त्याला 'प्रकाश' म्हणतात. वर चांदवा म्हणजे छत, खाली मंजी म्हणजे छोटं आसन, अंगावर रुमाला म्हणजे वस्त्र, मागे चवरी ढाळणारा सेवादार. रात्री ग्रंथ मिटून, डोक्यावर घेऊन, विश्रांतीच्या जागी नेतात, ते 'सुखासन'. पानांना 'अंग' म्हणायची रीत आहे आणि छापील प्रतीत अशी १४३० अंगं असतात. ग्रंथ उघडला की डाव्या हाताच्या पानावर वरच्या बाजूला जे पद येईल ते वाचतात, तोच त्या दिवसाचा हुकूम. ज्यांना घरी ग्रंथ ठेवायचा असतो ते त्याला स्वतंत्र खोली देतात, आणि रोजची सेवा झेपणार नसेल तर ठेवतच नाहीत. रोजच्या पाठासाठी घरात नितनेमाची छोटी पोथी पुरते. आता तोच ग्रंथ काचेच्या कपाटात कुलूप लावून, उभा, दोन पुस्तकांच्या मधे दाबून ठेवलेला एखाद्या शीख वाचकाने पाहिला, तर त्याला काय वाटेल याचा विचार करा. तुमच्या मनात अनादर नसला तरी त्याला तो अनादरच दिसणार.

तेव्हा हात धुऊन, डोकं झाकून, चपला बाहेर काढून ती प्रत स्वच्छ कापडात गुंडाळा आणि एखाद्या उंच, रिकाम्या टेबलावर ठेवा. त्या खोलीत तंबाखू, सिगारेट कुणी आणणार नाही हे बघा. मग नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात किंवा ओळखीच्या शीख कुटुंबाला फोन करा. कशी न्यायची ते त्यांना माहीत असतं, ते स्वतः येऊन अदबीने घेऊन जातील. त्याआधी सरांच्या मुलीला हे नीट समजावून सांगा, वडिलांचं दान परत पाठवलं असं तिला वाटता कामा नये. वाचनालयासाठी अनुवादाचे सुटे खंड घ्या. गुरू ग्रंथ साहिबात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत, आणि ती वाचायला कुणी ना कुणी मराठी वाचक नक्की येईल. नामदेवांच्या नावाने २०१५ साली पंजाबात घुमानला साहित्य संमेलन भरलं, पण ती पदं प्रत्यक्ष वाचलेली माणसं आपल्याकडे अजून फार थोडी भेटतात, याची मला खंत आहे.

आता अध्यक्षांचं म्हणणं. 'पुस्तक ते पुस्तक' यामागे कुणालाच झुकतं माप द्यायचं नाही ही इच्छा आहे, आणि ती मोलाची आहे. पण सगळ्यांना एक म्हणून केलेला नियम बहुतेक वेळा कुठल्यातरी एका धर्माच्या सवयीतून आलेला असतो. ग्रंथाचा मान राखणं प्रत्येक धर्मात वेगळं दिसतं. कुठे सांभाळून हात लावणं म्हणजे मान, कुठे पान फाटेपर्यंत वाचणं म्हणजे मान.

ते पेन्सिलीच्या खुणांचं बायबल बघा. सोवळ्यात पोथी वाचणाऱ्या माणसाला वाटेल की कुणीतरी पवित्र ग्रंथाची पानं खराब केली. प्रॉटेस्टंट घरात मात्र अशा खुणांचं बायबल हीच जपून ठेवायची वस्तू असते. वचनाखाली रेघ, समासात तारीख, पहिल्या कोऱ्या पानांवर घरातले जन्म, लग्नं, मृत्यू. खुणा खोडू नका. बायबल अनुवादात वाचायला ख्रिस्ती माणसाला काही कमीपणाही वाटत नाही. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणलं. तिथल्याच बायकांनी ते छापलं. १९२२ साली रमाबाई गेल्या, पुस्तक त्यानंतर पुरं बाहेर आलं. साध्या बाईला वाचता आलं पाहिजे, एवढ्याच ध्यासाने त्या शेवटपर्यंत खपल्या. तेच बायबल कॅथलिक मिस्सामध्ये, म्हणजे त्यांच्या चर्चमधल्या उपासनेत, बघाल तर शुभवर्तमानाचं पुस्तक मिरवत वेदीवर आणतात, त्याला धूप दाखवतात, वाचून झालं की धर्मगुरू त्याचं चुंबन घेतात. एकाच धर्मात हे दोन्ही नांदतं. आणखी एक, कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं असतात, प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६. वाचनालयात दोन्ही हवीत. नाहीतर अर्ध्या ख्रिस्ती वाचकांना आपलं बायबल इथे नाहीच असं वाटेल.

कुराणाचं उलट आहे. अरबी शब्द म्हणजे कुराण, मराठी अनुवाद म्हणजे त्याचा अर्थ, असा मुस्लिम वाचक फरक करतो. म्हणून सरांकडच्या दोन प्रतींना दोन वेगळे नियम लावा. मराठी अनुवाद इतर पुस्तकांसारखा खुशाल घरी द्या. अरबी प्रतीला वुजू करून, म्हणजे हात-तोंड-पाय धुऊन, हात लावतात, ती जुजदानात म्हणजे कापडी वेष्टनात गुंडाळून उंचावर ठेवतात, वाचताना रेहलवर म्हणजे लाकडी घडीच्या स्टँडवर उघडतात, आणि तिच्यावर दुसरं पुस्तक कधी ठेवत नाहीत. ती प्रत वाचनालयात ठेवायची की मशिदीत किंवा मदरशात द्यायची, हे गावातल्या दोन-तीन मुस्लिम वाचकांना विचारून ठरवा.

अर्थ समजायच्या आधी मुलं कुराण पाठ करतात, याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. पण वेदपाठशाळेत वेगळं काय होतं? घनपाठात पहिला शब्द, दुसरा, मग दुसरा-पहिला, मग पहिला-दुसरा-तिसरा, मग उलट, मग पुन्हा सुलट, असं म्हणत पोरं वर्षानुवर्षं घोकतात. अर्थ नंतर. त्या घोकण्यामुळेच लिहून न ठेवताही मंत्रातला स्वर हलला नाही, आणि २००३ साली युनेस्कोने ज्या वेदपठणाचा गौरव केला ते हेच. रमजानच्या तरावीहमध्ये, म्हणजे रात्रीच्या खास नमाजांत, हाफिज म्हणजे कुराण मुखोद्गत असलेला माणूस महिनाभरात त्याचे तीसच्या तीस पारे म्हणजे भाग मुखाने म्हणतो आणि तो कुठे अडखळला तर मागे उभा असलेला दुसरा हाफिज शब्द पुरवतो. ग्रंथ आधी कानात आणि जिभेवर असतो, कागदावर नंतर येतो, हे दोन्हीकडे सारखंच आहे. हे दोन वाचक एकमेकांच्या शेजारी बसले तर त्यांना बोलायला खूप काही सापडेल.

षट्खंडागमाबद्दल दिगंबर जैन मंडळींना विचारा, कारण हा त्यांचा आद्य ग्रंथ. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीला, ते याची पूजा करतात. आचार्य शांतिसागरांच्या प्रेरणेने हे सिद्धांतग्रंथ ताम्रपटांवर कोरून घेतले गेले, ते फलटणला आहेत. कागद टिको न टिको, अक्षर टिकलं पाहिजे, ही त्यामागची कळकळ. जैन घरात शास्त्र वाचताना मी बघितलं आहे, तोंडापुढे कापड धरतात, थुंकी उडू नये म्हणून, आणि पान उलटताना बोट जिभेला लावत नाहीत. हा एक नियम तुम्ही सगळ्या वाचनालयालाच लावा, पुस्तकांचं आयुष्य वाढेल.

बाबासाहेबांच्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाची एक प्रत पुरणार नाही. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासात, गावोगावच्या विहारांत तो रोज थोडा थोडा वाचला जातो. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात, मधे कुणी शंका विचारतं. त्या तीन महिन्यांत मागणी वाढेल. दोन-तीन प्रती जास्तीच्या घ्या. केवळ ग्रंथात लिहिलं आहे म्हणून काही खरं मानू नका, असं बुद्धाने कालाम नावाच्या लोकांना सांगितलं होतं. तेव्हा इथे शंका विचारणं हाही मान राखण्याचाच भाग आहे.

आता गुरुचरित्र. यावर मी जरा सविस्तर लिहिते, कारण इथे प्रश्न पोथीचा कमी आणि तुमच्या मदतनीस बाईंचा जास्त आहे.

गुरुचरित्राचा सप्ताह कडक नेमाने करतात. सात दिवस ठरलेले अध्याय, सोवळं, एकभुक्त, चटईवर झोपणं. हा नेम ज्यांनी घेतला त्यांनी तो जरूर पाळावा, त्याबद्दल मला आदर आहे. बायकांनी ही पोथी वाचू नये असंही अनेक घरांत मानतात, आणि तितक्याच घरांत बायका दत्तजयंतीआधी सप्ताहाला बसतात. म्हणजे हा प्रश्न खुद्द दत्तभक्तांतही मिटलेला नाही. तो ज्याने त्याने आपल्या देवघरात सोडवावा. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या सार्वजनिक वाचनालयाला मात्र कुणाला ती बाई आहे म्हणून पुस्तक नाकारता येत नाही, राज्यघटनेचं पंधरावं कलम त्याच्या आड येतं. हे त्या ज्येष्ठ सभासदांना नम्रपणे, पण स्पष्ट सांगा. त्यांचा नेम मोडू नये अशी त्यांची इच्छा असेल, तर पारायणासाठी त्यांची स्वतःची पोथी त्यांच्या घरी असू दे. वाचनालयाची प्रत सगळ्यांची.

आणि मदतनीस बाईंबद्दल तर चर्चासुद्धा होऊ देऊ नका. जिने रोज धूळ पुसून ती पुस्तकं जपायची, तिलाच हात लावू नको म्हणायचं, ही विटाळाची कल्पना वाचनालयाच्या दारात थांबली पाहिजे. शेजारीच ज्ञानेश्वरी ठेवली आहे ना? हरिनाम सप्ताहात मांडवात बघा, सकाळी व्यासपीठावरून ओवी सुरू झाली की समोर ओळीने बसलेल्यांत निम्म्या बायका असतात. शेतातून आलेल्या, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेल्या, बोट ओळीवरून सरकवत मोठ्याने वाचणाऱ्या. कित्येकींनी वाचायला शिकण्याची खटपट केली ती या ओव्यांसाठी. संस्कृत पोथ्या ज्यांच्यासाठी बंद होत्या त्यांच्याकरताच १२९० साली नेवाशाला गीता मराठीत आली. एकनाथांनी १५८४ साली तिच्या प्रती जमवून अशुद्धं काढली, पाठ शुद्ध केला आणि बजावलं की यात कुणी आपली ओवी घालू नये. इतका काटेकोरपणा आणि इतका मोकळेपणा एकाच ग्रंथाच्या वाट्याला आला, याचा मला फार अभिमान वाटतो.

मनुस्मृतीबाबत माझं मत राजीनामा देऊ म्हणणाऱ्या सभासदांच्या बाजूने आहे, पण एका मर्यादेपर्यंत. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनुस्मृतीचं दहन केलं. ज्या ग्रंथाने माणसांची पिढ्यान् पिढ्या मानखंडना केली, तो मानाच्या कपाटात काचेमागे ठेवलेला त्यांनी का सहन करावा? तिथून तो काढा. फेकून मात्र देऊ नका. बाबासाहेबांनी तो बारकाईने अभ्यासला होता, आणि त्यांच्या लिखाणात त्याचे दाखले पानोपानी आहेत. ज्याला त्यांचं लिखाण समजून घ्यायचं आहे त्याला मूळ ग्रंथ हाताशी लागणारच. कायदा आणि समाजाचा इतिहास या विभागात, बाबासाहेबांच्या लेखनाशेजारी तो ठेवा. त्या सभासदांना कपाट लावायच्या दिवशी मुद्दाम बोलवा आणि ही जागा त्यांच्याच हाताने ठरवून घ्या.

त्याच दिवशी जोतीराव फुल्यांचं 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' सगळ्यांना काढून दाखवा. ते १८९१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालं. त्यात त्यांनी एका घराची कल्पना केली आहे. बाईने बौद्ध ग्रंथ वाचून वाटलं तर बौद्ध व्हावं, नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती, मुलीने कुराण वाचून मुसलमान, मुलाने सत्यधर्म वाचून सत्यधर्मी, आणि चौघांनी एकमेकांचा हेवा न करता प्रेमाने एका घरात राहावं. जोतीरावांच्या त्या घरात प्रत्येक जण आधी वाचतो आणि मग ठरवतो. कार्यकारी मंडळाने हे पान एकत्र बसून मोठ्याने वाचावं असं मला मनापासून वाटतं. विनोबांनी तर अरबीतून कुराण अभ्यासून त्याचं सार काढलं, बायबलचंही काढलं, आणि धम्मपदाची नवी मांडणी केली. ती पुस्तकं तुमच्याकडे नसतील तर मागवा. एकाच माणसाने सगळ्यांचे ग्रंथ इतक्या आस्थेने वाचल्याचं उदाहरण आपल्याच भाषेत आहे.

कपाटाचं म्हणाल तर वरचा-खालचा कप्पा हा वादच संपवा. छातीच्या उंचीचा एकच लांब कप्पा घ्या आणि त्यात सगळे ग्रंथ एका ओळीत लावा, एकावर एक रचू नका. जमिनीलगतचे कप्पे कोश आणि वार्षिक अहवालांसाठी ठेवा. क्रम ग्रंथनामाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे लावा, म्हणजे कुणाला पुढे, कुणाला मागे असं वाटायला जागा उरणार नाही. दशांश वर्गीकरणाचे, म्हणजे वाचनालयात पुस्तकांना विषयवार देतात ते, आकडे लावले तर धर्माच्या २०० ते २९९ या शंभर घरांतली बहुतेक ख्रिस्ती धर्माला आणि बाकी सगळ्या जगाला मिळून २९० च्या आसपास थोडीशी, अशी वाटणी निघते. ते आकडे नोंदवहीत असू द्या, कपाटावर नकोत.

शिक्का मजकुरावर मारू नका, एकाही ग्रंथाच्या नाही. शीर्षकपानाच्या मागची बाजू पुरते. जिथे तेही नको वाटेल तिथे पातळ कागदाची चिठ्ठी आत घाला आणि नोंद वहीत करा. दसऱ्याला पाटीपूजनाच्या वेळी त्या कपाटाला हळदकुंकू लावायची सूचना येईल, तेव्हा ग्रंथांना ते लागू देऊ नका. काही वाचकांना ते रुचणार नाही, आणि कागदालाही ते सोसत नाही.

राहिल्या फाटक्या प्रती. रद्दीवाल्याला यातलं एक पानही जाता कामा नये, कारण उद्या त्याच पानात कुणाला भजी बांधून मिळतील आणि गावात आग लागायला तेवढं पुरतं. एक स्वतंत्र पेटी करा आणि ज्याचा ग्रंथ त्याच्या हाती द्या. मुस्लिम समाजात जीर्ण प्रती कापडात बांधून स्वच्छ जागी पुरतात किंवा वाहत्या पाण्यात सोडतात. ज्यू लोक कब्रस्तानात दफन करतात. शीख जीर्ण बीड, म्हणजे गुरू ग्रंथ साहिबची प्रत, विधिपूर्वक अग्नीला अर्पण करतात. जैन मंडळी बहुधा ज्ञानभांडारात ठेवून घेतील.

आपल्याकडच्या पोथ्या नदीत सोडायची चाल आहे, पण त्याआधी सरांच्या संग्रहातलं प्रत्येक कापडी बासन सोडून बघा. आत छापील पोथी आहे की हाताने लिहिलेली? हस्तलिखित असेल तर शेवटचं पान काढा. तिथे बहुतेक वेळा शक, तिथी, गाव, लिहिणाऱ्याचं नाव असतं, आणि तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून मला सांभाळ, मूर्खाच्या हाती देऊ नकोस, अशी पुस्तकाच्या तोंडची विनवणीही पुष्कळदा असते. अक्षरं ओळखीची वाटली नाहीत तर मोडी असेल, किंवा महानुभाव पंथीयांची सकळ लिपीही असू शकेल. त्यांनी आपले ग्रंथ शतकानुशतकं त्या सांकेतिक लिपीत राखले होते. असं काही हाती लागलं तर पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराला किंवा धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाला पत्र लिहा, सोबत पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो जोडा. त्यांचं उत्तर येईपर्यंत कुणी कितीही घाई केली तरी एकही बासन गोदावरीला जाऊ देऊ नका.